तिकिटाचं दुसरं पान

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

पराग: आऊट ८.१०, इन ७.३५.
थाओ: आऊट ११.०५, इन १.५०.
मी: घरीच.

पावणेतीन तास सूनबाई कुठं होती ते तिनं सांगतलं नाही. मी विचारलंही नाही. भिलाईच्या स्टील प्लँटच्या टाइम ऑफिसात हजेरीच्या नोंदी करण्यात चौतीस वर्षं काढली. विचारून माणूस खरं सांगत नाही, एवढं तरी शिकलो. आपण लिहून ठेवायचं. आज ना उद्या दोन नोंदी एकमेकीले भेटतात अन् माणूस आपोआप सापडते.

ही वही माझी बायको कौशल्या गेली तेव्हापासूनची. पहिल्या पानावर पहिली ओळ तिचीच आहे. कौशल्या: आऊट ११ मे, सकाळी ६.२०. समोरचा रकाना तसाच आहे.

परागनं चार वर्षं व्हिएतनामच्या एका स्टील कारखान्यात नोकरी केली अन् तिथंच लग्न करून बसला. मागच्या मार्चमध्ये आई आजारी म्हणून दोघं भिलाईले आले, अन् परागनं इथल्याच एका मिलमध्ये नोकरी धरली. थाओ दोन महिने कौशल्याच्या उशाशी बसली, अन् तिच्याचकडून मराठी शिकली. कौशल्याचंच बोलणं उचललं पोट्टीनं. 'कावून', 'मले नाही माहीत बा', सगळं तस्संच. डोळे मिटून आयकलं तर स्वयंपाकघरात कौशल्याच बोलून राहिली असं वाटते. मले ते आवडत नाही. गेलेल्या माणसाचा आवाज कोणी असा वापरू नये.

आज वही उघडायचं कारण वेगळं. काल तिनं मले जन्माचं साल विचारलं. साठ, म्हटलं. तिनं कागदावर लिहिलं अन् तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या आनंदरावले विचारलं. तो म्हणाला बासष्ट, तर बाई खुश. आनंदरावचा भाचा प्लॉटची दलाली करते. मी काही म्हणत नाही. फक्त लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

घर उलटंपालटं करून ठेवलं. पडदे काढले, माळ्यावरचं सामान उतरवलं, कान तुटलेले सगळे कप फेकले. स्वयंपाकघरात कौशल्याचे डबे होते त्यातला एक-एक काढून पुसला, अन् परत त्याच जागी ठेवला हे खरं. पण एवढी सफाई दिवाळीले ठीक आहे, फेब्रुवारीत कोण करते? आमच्या रुआबांधा वस्तीत मागच्या वर्षी दोन घरं विकली गेली. दोन्ही घरांत आधी अशीच सफाई झाली होती.

दुपारी चहा देताना म्हणाली, "बाबा, पराग बोलला न तुमाले?"

परागनं मले काहीच सांगतलेलं नाही. पण मी म्हटलं, हाव, बोलला. ही टाइम ऑफिसची जुनी युक्ती. आपल्याले ठाऊक आहे असं दाखवायचं, समोरचा स्वतःच ओकते. ही ओकली नाही. मोठा श्वास सोडला अन् म्हणाली, "मले भेव वाटून राहिलं होतं, तुमी नाही म्हणान." मग गुणगुणत डबे पुसायले गेली.

कशाले नाही म्हणीन ते आता विचारता येत नाही. स्वतःच्याच खड्ड्यात पडलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

थाओ: आऊट ९.२०, इन १०.४५. यावेळी मी मागे होतो.

बाजारातून तिनं पाण्याच्या पिशवीत तीन जिवंत मासे घेतले. घरी मांस-मच्छी बंद आहे, दुखवट्याचं वर्ष चालू आहे, तिले माहीत आहे. मी स्कूटर लांब ठेवून पाहून राहिलो. ऑटो करून ती उतई रस्त्यावरच्या तलावावर गेली, काठावर उकिडवी बसली अन् तिन्ही मासे पाण्यात सोडून दिले. हात जोडले. काहीतरी पुटपुटली. मग बराच वेळ पाण्याकडे पाहत बसली.

कामवाली कांतानं तिले बाजारात मासे घेताना पाहिलं होतं; मले हळूच म्हणाली, बाबूजी, ये सब ठीक नई लागत हे. मी तिले दटावलं, असलं बोलायचं नाही म्हणून. पण खोटं कावून लिहू, माझ्याही मनात तेच आलं होतं.

परागले रात्रीच्या जेवणावर विचारलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिचं नवीन वर्ष येऊन राहिलं. त्याच्या आधी चुलीचा देव माशावर बसून वर जाते, अन् घरातल्या प्रत्येकाचा वर्षभराचा रिपोर्ट देते. सात दिवसांनी परत येते. तोवर घरावर लक्ष ठेवणारं कोणी नसते. म्हटलं, चांगलं आहे, तुमच्या देवालेही सीएल मिळते. पराग हसला. थाओले समजलं नाही, तरी तीही हसली.

कॅलेंडर पाहिलं. तिचं नवीन वर्ष पराग म्हणाला १७ तारखेले. त्या दिवशी आपल्याकडे अमावस्या. वरून सूर्यग्रहण, आपल्याकडे दिसणार नाही म्हणतात. अमावस्येले अन् ग्रहणाले कोणाचं वर्ष सुरू होते का? वरून आमच्या घरात पहिल्या वर्षी सण नाही, दिवाळीचा दिवासुद्धा मी एकच लावला होता. हे तिले परागनं सांगायले पाहिजे होतं. परागले सांगायचं म्हटलं की त्याच्या घशात काटा अडकते.

११ फेब्रुवारी, बुधवार

दोन नोंदी भेटल्या.

परागच्या टेबलावर लॅपटॉपखाली कागद होता. विमानाचं तिकीट. १४ फेब्रुवारी, शनिवार, रायपूर ते कोलकाता, कोलकाता ते हनोई. प्रवासी एक. थाओचं नाव. कागदाले कोपऱ्यात पिन होती. मी वरचं पान नीट वाचलं अन् कागद जसाच्या तसा सरकवून ठेवला, हात लागला असं कोणाले कळू नये म्हणून.

तर हे आहे. तीन दिवसांनी बाई जाईल. मग तिचा फोन येईल, आई बरी नाही, इथं करमते, तूच ये. पराग दोन महिने तळ्यात-मळ्यात करेल, मग तोही जाईल. मग आनंदरावचा भाचा येईल, काका, एवढं मोठं घर एकट्याले कशाले पाहिजे.

मले भेव वाटून राहिलं. हे वहीत लिहिलं तर काही बिघडत नाही, वाचणारं कोणी नाही. कौशल्या गेली तेव्हा घरात तिघं होतो म्हणून मी उभा राहिलो. एकट्यानं या घरात कुकरची शिट्टी मोजायची, हे मले जमणार नाही.

टाइम ऑफिसात एखाद्याच्या पंचिंगवर शंका आली तर आमी त्याचं कार्ड अडवून ठेवत होतो. बोंबलायचं नाही, रिपोर्ट करायचा नाही. कार्ड नाही म्हटल्यावर माणूस स्वतः खिडकीवर येते अन् सगळं सांगते. थाओ आंघोळीले गेली तेव्हा तिच्या कपाटातून पासपोर्ट काढला. हिरवं पुस्तक. समोरच्या खोलीतल्या कौशल्याच्या फोटोमागं, फ्रेम अन् पुठ्ठ्याच्या मधात सरकवला. तिथं कोणी हात लावत नाही.

चुलीचा देवही घरी नाही. रिपोर्ट कोण देईल?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शोधणं सुरू झालं. गाद्या उलटल्या, पिशव्या झटकल्या. पराग तिच्यावर खेकसला, एवढी महत्त्वाची वस्तू सांभाळता येत नाही म्हणून. ती सरळ माझ्याकडे आली.

"बाबा, माझं हिरवं पुस्तक पाहिलं का तुमी?"

मी नाही म्हटलं.

कार्ड अडवलं की माणूस खिडकीवर येते, तशी ती आली. पण मले पाहिजे होतं ते तिनं काही सांगतलं नाही. उलट खोटं मलेच बोलावं लागलं. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एक गोष्ट लक्षात आली ती नोंदवून ठेवतो. साडेबारापर्यंत ती घर धुंडाळून राहिली होती. मी पेन्शनच्या कामानं बँकेत गेलो, दीडले आलो, तर शोधणं बंद. समोरची खोली चकाचक पुसलेली, कौशल्याच्या फोटोले नवीन चंदनाचा हार. अन् बाई शांत. ज्याचं उद्याचं विमान आहे अन् पासपोर्ट नाही, तो शांत कसा? परागनं ओळखीनं काही दुसरी व्यवस्था केली असावी. मी दिवसभर त्याचे फोन आयकले, पण त्यात काही सापडलं नाही.

संध्याकाळी तिनं भरली वांगी केली, कौशल्या करत होती तशी, सुकं खोबरं जास्त. मग समोरच्या खोलीत फोटोखाली बसून लाल कागदाची पाकिटं घडी घालत राहिली. मी पेपर वाचत होतो. ती अधूनमधून मान वर करून माझ्याकडे पाहे. दोनदा म्हणाली, "बाबा, तुमाले काही सांगाचं आहे का मले?"

"मले काय सांगाचं राहते?" मी म्हटलं.

मग ती फोटोकडे पाहे. मग परत पाकिटं. पराग झोपायले गेला तरी ती तिथंच होती. मी उठलो तेव्हा तीही उठली, माझ्याकडे असं पाहिलं की मीच चष्मा शोधायच्या निमित्तानं खोलीत गेलो. या पोट्टीच्या डोक्यात काय चालू आहे, काही अंदाज लागून नाही राहिला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

थाओ: घरीच.

पराग सकाळीच मिलवर गेला, रागात. त्याच्या हिशोबानं प्रकरण संपलं होतं. पण थाओनं बॅग भरली होती. आठ वाजता तयार होऊन, पायात बूट घालून ती समोरच्या खोलीत दिवाणावर बसली. पासपोर्ट नाही अन् तयार! मी आतबाहेर करत राहिलो. कशाची वाट पाहून राहिली होती कोणास ठाऊक. मले वाटलं आता कोणीतरी येईल, दारात गाडी लागेल. कोणी आलं नाही. साडेनऊले तिनं घड्याळ पाहिलं, बूट काढले अन् बॅग आत नेली.

मग आईले व्हिडिओ फोन लावला, माझ्यासमोरच. म्हातारी माझ्याहून लहान असावी, पण केस पांढरेशुभ्र. मागे टेबलावर संत्र्यांसारख्या लहान फळांचं झाड, खुर्च्या मांडलेल्या. थाओ काहीतरी सांगत गेली. म्हातारी हसत हसत मान हलवत गेली, अन् फोन जरा बाजूले झाला तेव्हा तिनं बाहीनं डोळे पुसले. भाषा मले येत नाही. पण तेवढं समजायले भाषा लागत नाही.

कार्ड अडवलं, माणूस गेटच्या आत राहिला. काम झालं. जेवण मात्र दुपारी गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपास. देवळात गर्दी. पिंडीसमोर हात जोडले पण मागायचं काय ते आठवलं नाही. परतलो तर अंगणात केळीच्या पानांचा ढीग, तांदूळ भिजवलेले, मुगाची डाळ भिजवलेली. मले म्हणाली, बाबा, उद्या आईले जेवाले बोलवाचं आहे. मी म्हटलं, तुझ्या आईले? ती म्हणाली, नाही, आपल्या.

मी चपला काढून आत गेलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सहापासून अंगणात विटांची चूल, वर मोठं पातेलं. केळीच्या पानात बांधलेले चौकोनी पुडे उकळत होते, आत भात, डाळ, मिरे. त्यात डुकराचं मांस घालतात म्हणे, पण आई खात नव्हती म्हणून नाही घातलं, असं तिनंच सांगतलं. पाच-सहा तास उकळावं लागते. मी ठरवून टाकलं होतं की बोलून मोकळं व्हायचं.

म्हटलं, "हे पाय थाओ, ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर सण नाही. कौशल्यानं शिकवलं नाही का तुले?"

ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "शिकवलं न. सण आपला नाही, बाबा. वर्षाच्या शेवटी गेलेले लोक घरी येतात. पहिल्या वर्षी आई येईल अन् घरात पान वाढलेलं नसेल, तर ती कुठी जेवेल?"

मीही वाकून चुलीत एक लाकूड सारलं. धुरानं डोळ्यात पाणी आलं.

मग तिनं कौशल्याचा फोटो भिंतीवरून उतरवला. दोन्ही हातांनी छातीशी धरून तिनं तो टेबलावर नेऊन ठेवला, बाजूले तिच्या वडिलांचा फोटो. काही पडलं नाही. ती आत गेल्याबरोबर मी फ्रेममागं बोट घातलं. पुस्तक हाताले लागलं. हुश्श केलं. एवढं पुसून-पासूनही पोट्टीच्या लक्षात आलं नाही म्हणजे कमाल आहे.

ताट वाढलं. पुडा सोडून हिरवट भाताचे तुकडे, भरली वांगी, लिंबाचं लोणचं, संत्री. ती म्हणाली, घरातल्या मोठ्या माणसानं बोलवाचं असते. परागनं मान खाली घातली. मले काही मंत्र येत नाही. मी म्हटलं, ये बाप्पा, जेवून घे. एवढंच निघालं तोंडातून.

वहीचं पहिलं पान उघडलं. आऊट ११ मे. समोर लिहिलं: इन १६ फेब्रुवारी, दुपारी १२.२०. उगाच लिहिलं असेल. पण नोंद खोटी वाटत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज काय झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर मलेच उद्या खरं वाटणार नाही.

काल निजताना थाओनं बजावलं होतं की सकाळी सात वाजता आनंदकाका येतील, तोवर कोणी बाहेर जाऊन परत आत येऊ नका. आनंदराव सात वाजता माझ्या घरी! झोप कशाची येते? सहालेच मागच्या दारानं निघालो अन् रस्त्यापलीकडं करंजाच्या झाडामागं उभा राहिलो. सातले पाच कमी असताना आनंदराव निघाला. नवा झब्बा, केस विंचरलेले, हातात पिशवी. म्हटलं, आले घरविक्रीचे कागद. तो फाटक उघडेपर्यंत मी तरातरा चालत त्याच्या पुढं गेलो अन् त्याच्या आधी घराच्या पुढच्या दारातून आत शिरलो.

थाओ दारात नवे कपडे घालून उभी होती. हातात लाल पाकीट. मले पाहून तिचा चेहरा असा उतरला की मी तिथंच थांबलो. आनंदराव मागून हसत म्हणाला, अरे दौलतराव, माझी जागा मारली का? पिशवीत संत्री होती. नागपूरची.

परागनं मले बाजूले घेऊन सांगतलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी जो माणूस पहिलं पाऊल घरात टाकते, तसं घराचं वर्ष जाते. म्हणून माणूस आधी निवडून बोलावतात. त्यांच्याकडं दर वर्षाले एक जनावर असते, हे वर्ष घोड्याचं. बासष्टचा आनंदराव वाघ, वाघाचं घोड्याशी जमते. वरून तो हसरा, पोरंबाळं सुखी. अन् साठचा मी उंदीर. उंदराचं घोड्याशी अजिबात जमत नाही. त्यातही ज्याच्या घरी दुःख आहे त्यानं तर पहिलं पाऊल टाकायचंच नाही. पंधरा दिवसांपासून ती गल्लीत सालं विचारून राहिली होती ते याच्यासाठी.

थाओ माझ्यासमोर आली. चिडली होती, मी तिले पहिल्यांदा चिडलेली पाहिली.

"आता वर्ष तुमच्यासारखं जाईल, बाबा. सगळे एकमेकांवर पहारा ठेवतील."

अन् आत गेली.

पराग फुटला मग. म्हणाला, तुमाले काय, तिची आई पहिल्यांदा एकटी आहे या सणाले, भाऊ जपानले, वडील नाहीत. दहा दिवस तर जाणार होती. चोवीसले परत येणार होती.

मी म्हटलं, परत?

"रिटर्न तिकीट होतं न. मी तुमाले सांगणार होतो, बाबा. पण आईचं वर्ष चालू, तुमी दिवसभर वही घेऊन बसता... हिंमत नाही झाली. अन् तिले मात्र सांगून दिलं की बाबाले विचारलं म्हणून."

कागदाले पिन होती. मी पिन पाहिली होती. चौतीस वर्षं ज्यानं आऊटसमोर इन पाहिल्याशिवाय पान उलटलं नाही, त्या माणसानं वरचं पान वाचलं अन् खालचं उचकलं नाही.

मी फोटोजवळ गेलो. आता लपवायचं काय होतं? फ्रेम पालथी केली, पुस्तक ओढलं. पुस्तकासोबत एक लाल पाकीट बाहेर आलं. त्यावर तिच्या वाकड्या अक्षरात, कौशल्यानं शिकवलेल्या, 'बाबा'. आत तिकिटाचं दुसरं पान. हनोई ते कोलकाता, कोलकाता ते रायपूर, २४ फेब्रुवारी. तारखेभोवती पेनानं गोल, अन् बाजूले माझ्या वहीत लिहितो तसं, 'थाओ: इन'.

शुक्रवारी दुपारी, मी बँकेत होतो. तेव्हाच तिले सापडलं होतं.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. पराग एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहून राहिला. मी पुस्तक पुढं केलं.

म्हटलं, "सापडलं होतं तर घेतलं कावून नाही? गेली कावून नाही?"

"वाट पाहिली न, बाबा. शुक्रवारी संध्याकाळभर पाहिली. शनिवारी बूट घालून पाहिली. तुमी काढून दिलं असतं तर गेली असती." तिनं पुस्तक घेतलं नाही. "घरच्याच माणसानं घरातून चोरून जाचं का?"

मी पुस्तक टेबलावर, कौशल्याच्या फोटोपुढं ठेवलं. कौशल्या असती तर माझ्याशी महिनाभर बोलली नसती. अन् मले रडू आलं तर या पोट्टीनंच पाणी आणून दिलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पराग माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे. मीही त्याले म्हटलं, तू एक शब्द तोंडातून काढला असता तर मी पिन काढून खालचं पान पाहिलं नसतं का? घरात दोन दिवस झाडू नाही, नवीन वर्षात झाडलं तर नशीब बाहेर जाते म्हणे. कांता कुरकुरून राहिली. मी म्हटलं, राहू दे कचरा.

संध्याकाळी परागले सांगतलं, तिकीट काढ, उद्याचं. सात दिवस चालते तिकडं नवीन वर्ष, मी विचारून घेतलं. तो गुपचूप लॅपटॉप घेऊन बसला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज तिसरा दिवस. आलेल्या पाहुण्यांना आज निरोप द्यायचा असते. सकाळी परत ताट वाढलं. यावेळी थाओले सांगावं लागलं नाही, मीच हात जोडले अन् म्हटलं, जा बाप्पा, सांभाळून जा. तिनं अंगणात कागदी नोटा जाळल्या, गेलेल्यांच्या वाटखर्चाले म्हणे. फोटो मीच पुसला अन् खिळ्याले लावला. मागं आता पुठ्ठाच आहे.

मग रायपूरचं माना विमानतळ. पराग गाडी चालवत होता, मी मागे तिच्या बाजूले. पासपोर्ट माझ्या खिशात होता, गेटवर मी स्वतः तिच्या हातात दिला. तिनं नवीन तिकीट काढलं, पिन लावलेलं, अन् दुसरं पान उलटून माझ्यापुढं धरलं.

"पाहून घ्या, बाबा."

"राहू दे," म्हटलं.

खरं सांगायचं तर पाहायची इच्छा झाली होती. मान दुसरीकडं फिरवावी लागली. सवय अशी चार दिवसांत जात नाही. ती हसली, माझ्या पाया पडली अन् गेली. काचेपलीकडं वळून हात केला, नंतर दिसली नाही. येताना परागनं कुम्हारीले गाडी थांबवली अन् न विचारता मले चहा आणून दिला.

घरी येऊन वही काढली.

कौशल्या: आऊट सकाळी ८.१५.
थाओ: आऊट सकाळी ९.४०.

दोघींचे रकाने समोर रिकामे आहेत. थाओ अठ्ठावीसले येतो म्हणाली, ते पेन्सिलनं लिहिलं, आली की पेनानं करीन. कौशल्या पुढच्या वर्षी येईल. तारीख दरवर्षी बदलते म्हणे, अन् आपल्या कॅलेंडरात ती छापलेली नसते. थाओलेच विचारावी लागेल.